हातांच्या एक सेकंद पुढे

दिवाळी सरली, धान घरात आले, की पूर्व विदर्भात नाटकांचा हंगाम सुरू होतो. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे मुख्य ठाणे. तिथल्या नाटक कंपन्या मंडईच्या जत्रा आणि शंकरपटाच्या बैलशर्यती यांच्या निमित्ताने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या गावोगावी जातात, थेट दक्षिणेकडच्या मुलचेऱ्यासारख्या जंगलाने वेढलेल्या तालुक्यांपर्यंत. रात्री पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा राज्याच्या इतर भागांतल्या अनेकांनी झाडीपट्टीचे नाव पहिल्यांदा ऐकले.

या नाटकांत दोन माणसांकडे प्रेक्षकांचे फारसे लक्ष जात नाही. एक प्रॉम्प्टर, दुसरा ऑर्गनवाला. हंगाम धावपळीचा, तालमी मोजक्या, त्यामुळे नटांची प्रॉम्प्टरवर मोठी भिस्त असते. तो संहिता वाचतो, पण त्याच्या तोंडातून निघणारा शब्द आणि त्याची नजर एका जागी नसतात. तोंड एका वाक्यावर असते तेव्हा नजर पुढच्या वाक्यात शिरलेली असते. तसे झाले नाही, तर प्रत्येक वाक्याच्या शेवटी खंड पडेल आणि नट उघडा पडेल. ऑर्गनवाल्यासमोर मात्र बहुधा कागदच नसतो. गायक नट कोणत्या पट्टीत शिरला हे कानाने पकडायचे आणि बोटांनी त्याच्या मागे जायचे, हे त्याचे काम.

आता या दोघांचे काम एकाच माणसाने करायचे अशी कल्पना करा. समोर कधीही न पाहिलेला कागद आहे, तो वाचायचा आहे, आणि वाचता वाचता दहा बोटांनी वाजवायचाही आहे, तेही लय न सोडता. पाश्चात्त्य संगीतात याला साइट-रीडिंग म्हणतात. लंडनच्या एबीआरएसएम या मंडळाच्या प्रात्यक्षिक परीक्षांमध्ये त्यासाठी स्वतंत्र गुण असतात, एकूण १५० पैकी २१. परीक्षार्थीच्या हाती अनोळखी तुकडा दिला जातो, तो न्याहाळायला अर्धे मिनिट मिळते, आणि मग वाजवायचे.

ज्याला हे सहज येते त्याच्याविषयी लोक म्हणतात, याची नजर फार वेगवान आहे. ही समजूत खोटी आहे, आणि ती खोटी कशी ठरली हा मागच्या सुमारे दीडशे वर्षांतल्या संशोधनाचा रंजक भाग आहे.

आपण वाचतो तेव्हा नजर ओळीवरून सरकत जाते असे वाटते. १८७९ च्या सुमारास पॅरिसमधले नेत्रवैद्य लुई एमिल जावाल आणि त्यांचे सहकारी यांच्या लक्षात आले की नजर सरकत नाही, ती उड्या मारते. एका ठिकाणी थांबते, पाव सेकंदाच्या आसपास तिथे टिकते, मग झटक्यात पुढे. उडी सेकंदाच्या काही शतांश भागात संपते आणि त्या काळात डोळ्यांना जवळपास काही दिसत नाही. याची खातरजमा घरीच करता येते. आरशासमोर उभे राहून आधी आपल्या डाव्या डोळ्याकडे पाहावे, मग उजव्या डोळ्याकडे. डोळे हललेले स्वतःला कधीच दिसत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते स्पष्ट दिसते.

दुसरी मर्यादा याहून कडक आहे. हात समोर लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहिले, तर ते नख जेवढी जागा व्यापते साधारण तेवढ्याच भागात आपली नजर खरी तीक्ष्ण असते. बाकीचे सगळे दृश्य कमी-जास्त धूसर असते. प्रॉम्प्टरचा डोळा या मर्यादेत काम करतो आणि पियानोवादकाचाही. अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठात गाय बुसवेल यांनी मोठ्याने वाचणाऱ्यांची नजर आवाजाच्या किती पुढे असते हे मोजले आणि १९२० मध्ये प्रसिद्ध केले. चांगल्या वाचकांमध्ये हे अंतर जास्त होते, अडखळणाऱ्यांमध्ये कमी.

पियानोच्या कागदावर अडचण दुप्पट होते, कारण तिथे ओळी दोन. पाच रेघांची एक पट्टी वर, बहुधा उजव्या हातासाठी. तशीच दुसरी खाली, डाव्या हातासाठी. दोन्ही एकाच वेळी वाजवायच्या, पण तीक्ष्ण नजर एका वेळी एकाच जागी पडते. १९४३ मध्ये होमर वीव्हर यांनी पियानोवादकांच्या डोळ्यांची हालचाल नोंदवली. स्वरसमूह एकामागून एक येत असतील, तर नजर वरून खाली, पुन्हा वर, असे टाके घालत पुढे जात होती. वर-खाली दोन स्वतंत्र चाली विणलेल्या असतील, तर ती वरच्या ओळीत थोडी पुढे जाई आणि मग खालच्या ओळीत तेवढीच. म्हणजे नजरेचा मार्ग संगीताच्या बांधणीवरून ठरत होता. पुढच्या काळातल्या नोंदींत आणखी एक गोष्ट दिसली. नजर पुष्कळदा कोणत्याच स्वरावर नसते. ती दोन स्वरांच्या मधल्या कोऱ्या जागेत टेकते आणि तिथून आजूबाजूचे जेवढे मिळेल तेवढे उचलते.

पण या सगळ्याहून मोठी अडचण घड्याळाची. पुस्तक वाचणारा थांबू शकतो, कठीण ओळ पुन्हा वाचू शकतो. वाजवणाऱ्याला ती मुभा नाही. लय चालू आहे आणि हात पोचायच्या आत डोळ्यांनी माल आणून ठेवला पाहिजे.

किती आधी? इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे फार साध्या युक्तीने शोधले. वादक अनोळखी चाल वाजवत असताना अचानक कागद दिसेनासा करायचा आणि त्यानंतर तो किती स्वर बरोबर वाजवतो ते मोजायचे. जेवढे वाजले तेवढे डोळ्यांनी आधीच उचललेले होते. कच्चे वादक तीन-चार स्वरांपर्यंत जात. पक्के वादक सातापर्यंत जात. आणखी बारकाईची बाब अशी, की कसलेल्या वादकांचा हा पल्ला संगीतातल्या वाक्याच्या शेवटापर्यंत जाऊन थांबायला बघे. वाक्य जरा पुढे संपत असेल तर पल्ला ताणला जाई, अलीकडे संपत असेल तर आखडे. डोळा स्वर मोजत नव्हता, त्याला वाक्याचा अर्थ कळत होता.

१९९९ मध्ये ससेक्स विद्यापीठातल्या सोफी फर्नो आणि मायकल लँड यांनी डोक्यावर बसवलेल्या कॅमेऱ्याने हेच अंतर प्रत्यक्ष मोजले. नजर एखाद्या स्वरावर कधी पडली आणि बोटाने तो कधी वाजवला, एवढेच बघायचे होते. निकाल अनपेक्षित होता. स्वरांच्या संख्येत फरक दिसला. नवशिके दोनेक स्वर पुढे होते, व्यावसायिक चारेक. वेळेत मोजले तर सगळेच सुमारे एक सेकंद पुढे होते. लय जलद झाली की हे अंतर ०.७ सेकंदापर्यंत उतरे, संथ झाली की १.३ सेकंदापर्यंत चढे, पण नवशिका आणि मुरलेला यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता.

इथे जरा थांबायला हवे, कारण सगळ्या विषयाची किल्ली या निकालात आहे. डोळ्यांनी घेतलेली गोष्ट बोटांपर्यंत पोचेतो धरून ठेवायची जागा सगळ्यांची सारखीच, एका सेकंदाची. मुरलेल्या वादकाला त्या जागेत दुप्पट ऐवज बसवता येतो. त्याचे डोळे जास्त पळत नाहीत. ते ज्याच्यावर पडतात ते त्याला ओळखीचे असते.

मराठी वाचता येणारा माणूस ‘महाराष्ट्र’ हा शब्द म, हा, रा असा सोडवत बसत नाही, त्याला शब्दाची अख्खी आकृती दिसते. पियानोवादकालाही एकावर एक रचलेले तीन ठिपके सुटे दिसत नाहीत, एक ओळखीचा स्वरसमूह दिसतो आणि हात त्या आकारात आपोआप उघडतो. पायरीपायरीने चढणारे आठ ठिपके म्हणजे आरोह. त्यातला पहिला आणि शेवटचा पाहिला की मधले पाहायची गरज उरत नाही. अँड्र्यू वॉटर्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये वादकांना स्वरलिपीचे दोन तुकडे दाखवून ते सारखे आहेत का, एवढेच विचारले. वाजवायचे काही नव्हते. तरीही साइट-रीडिंगमध्ये तरबेज असलेल्यांनी कमी वेळा आणि कमी वेळ बघून उत्तर दिले.

या ओळखीची एक किंमतही मोजावी लागते. बोरिस गोल्डोव्स्की या रशियात जन्मलेल्या आणि अमेरिकेत नावारूपाला आलेल्या पियानोवादकाकडे एक विद्यार्थिनी ब्राम्सची एक रचना वाजवत होती. तिचे वाचन बेताचेच होते. एका ठिकाणी तिने चुकीचा स्वर वाजवला, आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत काळी चारऐवजी पांढरी पाच. गोल्डोव्स्कींनी तिला चूक सुधारायला सांगितले, तर ती गोंधळली. कागदावर तेच छापले होते! छापखान्याची ही चूक कुणाच्या लक्षात आली नव्हती, कारण जाणकार वादकांचे डोळे ती आपोआप दुरुस्त करत होते. गोल्डोव्स्कींनी मग निष्णात वाचकांना सांगून पाहिले की या रचनेत छपाईची चूक आहे, शोधा. वाजवून पाहा, कितीही वेळा वाजवा. त्यांना ती सापडेना. पुढे स्लोबोडा यांनी मुद्दाम चुका पेरलेले कागद देऊन हाच प्रकार तपासला आणि वादक नकळत त्या सुधारून वाजवतात हे दाखवून दिले. जे छापले आहे त्यापेक्षा जे असायला हवे ते त्यांना आधी दिसत होते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या कौशल्याचा सर्वांत मोठा इतिहास मुंबईत घडला, आणि त्याची मुळे गोव्यात आहेत. पोर्तुगीज राजवटीत चर्चच्या गावशाळांमधून मुलांना सोल्फेजो शिकवत. सोल्फेजो म्हणजे स्वरलिपी पाहून स्वरनामांनी गाणे. गावचा मेस्त्री, म्हणजे चर्चचा संगीतशिक्षक, मुलाच्या हाती व्हायोलिन देण्याआधी त्याच्याकडून कागद गाऊन घेई. शतकानुशतके चाललेल्या या शिस्तीतून गोव्याच्या खेड्यापाड्यांत असे वादक तयार झाले, ज्यांच्यासमोर कोणताही कागद ठेवला तरी तो वाजे. विसाव्या शतकात हे वादक पोटापाण्यासाठी मुंबईला आले, हॉटेलांतल्या जाझ बँडमध्ये रुळले आणि तिथून हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गेले.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांतले ठळक नाव. वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. अँथनी १९४३ मध्ये मुंबईत आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. त्यांच्याकडे शिकलेल्या प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) चित्रपटातल्या गाण्यात गुरूचे नाव गुंफले आणि ते देशाच्या तोंडी बसले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यसंयोजन वर्षानुवर्षे करणारे सेबास्टियन डिसोझा गोव्याचेच. पियानोवर लुसिला पाशेको होत्या.

स्टुडिओतली पद्धत अशी होती. संगीतकार चाल गाऊन दाखवी, संयोजक प्रत्येक वाद्याचा भाग कागदावर उतरवी आणि ते कागद वादकांसमोरच्या स्टँडवर येत. अनेक ट्रॅकवर ध्वनिमुद्रण करायची सोय येण्यापूर्वी गायक आणि सगळे वादक एकाच वेळी मुद्रित होत. पन्नास जणांत एकाचा स्वर चुकला की टेक पुन्हा. स्टुडिओचे भाडे चालूच असे. अशा जागी सकाळी हाती आलेला कागद दुपारी बिनचूक वाजवणारा माणूस म्हणजे निर्मात्याच्या पैशांची हमी होती. सतार, सारंगी, बासरी वाजवणारे कलावंत त्याच खोलीत बसत. त्यांतले बरेच जण आपला भाग सरगममध्ये लिहून घेत. हिंदी चित्रपटसंगीताचा तो भरगच्च नाद या दोन प्रकारच्या वाचकांनी मिळून उभा केला. गोव्याच्या या वाचकांची नावे तबकड्यांवर छापली गेली नाहीत, हा त्यांच्यावर झालेला अन्याय आहे आणि तो तसाच म्हटला पाहिजे.

सरगम लिहिण्याची रीतही महाराष्ट्रानेच पक्की केली. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी आपापल्या स्वरलिप्या रूढ केल्या. भातखंड्यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे सहा भाग आजही विद्यार्थ्यांच्या पिशवीत असतात. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर. एका मात्रेत अनेक स्वर असले की खाली कंस. समेला फुली, खालीला शून्य.

डोळ्यांच्या दृष्टीने ही लिपी आणि पाच रेघांची लिपी यांत मोठा फरक आहे. पाच रेघांवर उंच स्वर खरोखरच उंच दिसतो. चाल चढते-उतरते ती नजरेला आकार म्हणून कळते आणि तो आकार बोटांना पट्ट्यांवर जसाच्या तसा सापडतो. भातखंडे लिपीत स्वर नावाने कळतो. ‘सा’ आणि ‘नी’ कागदावर एकाच उंचीवर असतात, टिंबावरूनच सप्तक समजते. त्यामुळे जलद तान थेट वाचून वाजवायला ती अवघड जाते. पण तिची एक ताकद दुसरीकडे नाही. काळी एकमध्ये गाणारा आणि पांढरी चारमध्ये गाणारा, दोघांनाही तेच पान चालते. बंदिश टिकवणे हा तिचा हेतू होता, आणि तो तिने चोख पुरा केला. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत विद्यार्थी बंदिशी आणि ताल या लिपीत लिहितात. अनोळखी पान समोर ठेवून ‘वाजव’ म्हणण्याची प्रथा मात्र आपल्याकडे रुजली नाही.

ती रुजायला हवी होती असे या लेखाचे मत आहे, आणि कानाने वाजवणाऱ्यांना त्याची भीती वाटायचे कारण नाही. झाडीपट्टीतल्या ऑर्गनवाल्याला, किंवा मुलचेऱ्याच्या बंगाली वस्त्यांमध्ये नामसंकीर्तनाला पेटी वाजवणाऱ्याला काय काय येते ते पाहा. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी या तालुक्यात खोल नावाचा ढोल आणि करताल यांच्याबरोबर हार्मोनियमही जपली आहे. या वादकाला पट्ट्या न बघता सापडतात. दोन काळ्या कुठे आणि तीन काळ्या कुठे हे बोट स्पर्शाने जाणते. गायकाने पट्टी बदलली तर तो ‘सा’ उचलून दुसरीकडे ठेवतो, जे करताना भलेभले कागदवाले अडखळतात. मुख्य म्हणजे पुढचा स्वर कोणता येणार हे त्याला आधी ऐकू येते. साइट-रीडिंगचा अभ्यास करणारे राइनहार्ड कोपिएत्स आणि जी इन ली यांनी कौशल्य ठरवणाऱ्या घटकांत नेमकी ही गोष्ट तपासली होती: कागद पाहून मनात स्वर ऐकू येणे. ऑस्ट्रेलियाचे गॅरी मॅकफर्सन यांनी १९९० च्या दशकात फुंकवाद्ये शिकणाऱ्या मुलांची तपासणी केली, तेव्हा कानाने वाजवणे आणि पाहून वाजवणे ही कौशल्ये एकमेकांशी जोडलेली आढळली. एक आले की दुसरे बिघडते, ही आपल्याकडच्या अनेक गुरुजनांची शंका त्या आकड्यांत टिकत नाही. पेटीवाल्याकडे घर बांधायचे बहुतेक सामान आहे. कमतरता आहे ती कागदावरचा आकार आणि कानातला आकार यांची गाठ घालून देणाऱ्या रोजच्या सरावाची.

सराव किती उपयोगी पडतो, यावर एलिझाबेथ माइन्झ आणि डेव्हिड हॅम्ब्रिक यांनी २०१० मध्ये ५७ पियानोवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वादकांमधल्या फरकाचा जवळपास निम्मा भाग सरावाने उलगडत होता. क्षणिक स्मृतीच्या ताकदीचाही वाटा होता, पण तो सात टक्क्यांच्या आसपास. कोणता सराव, हे आंद्रेआस लेहमन आणि अँडर्स एरिक्सन यांच्या कामातून कळते. साथसंगत करणारे पियानोवादक एकल वादकांपेक्षा वाचनात सरस निघाले. एकल वादक एकच रचना महिनोन् महिने घोटतो आणि ती पाठ होते, मग कागदाची गरजच संपते. साथीदारासमोर रोज नवा गायक, नवा कागद. शिवाय त्याला थांबता येत नाही. एखादा स्वर सुटला तर सोडून द्यावा लागतो, समेवर मात्र हजर राहावे लागते.

म्हणून शिकवणारे जाणते शिक्षक विद्यार्थ्याला त्याच्या पातळीपेक्षा सोपे, पण रोज वेगळे पान देतात. लय संथ ठरवायची आणि ती मोडायची नाही. चुकलेला स्वर मागे जाऊन दुरुस्त करायचा नाही, कारण मागे जाणारा हात नजरेलाही मागे ओढतो आणि तो एक सेकंद हातचा जातो. हातांकडे कमीत कमी पाहायचे. सुरुवातीचे अर्धे मिनिट वाजवण्यात घालवायचे नाही. त्यात षड्ज कुठे आहे, काळ्या पट्ट्या कोणत्या लागणार, ताल कोणता, सर्वांत कठीण जागा कोणती आणि ती झेपेल अशी लय कोणती, एवढे पाहून घ्यायचे. काही शिक्षक वाजवणाऱ्याच्या बोटांखालची मात्रा पोस्टकार्डाने झाकत जातात, म्हणजे नजरेला पुढे सरकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. हेच पोस्टकार्ड क्रमिक पुस्तकाच्या पहिल्या भागातल्या सरगम गीतावरही चालते. ज्याच्या घरी पेटी आहे त्याला पियानोची वाट पाहायला नको. एकेका मात्रेने झाकत गेले, की तीनताल पूर्ण व्हायच्या आत डोळा हातापुढे किती पोचला आहे हे त्याचे त्यालाच समजते.